‘पेद्रो पारामो’ पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी : कादंबरीतला ख्रिस्ती धागा कसा पकडायचा

मेक्सिकन लेखक हुआन रुल्फो यांची ‘पेद्रो पारामो’ ही स्पॅनिश कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली. जेमतेम सव्वाशे पानांचं पुस्तक. तरी पहिल्या तीस पानांत ते मिटून ठेवणारे वाचक भरपूर आहेत. कोण बोलतंय, कोण जिवंत, कोण मेलेलं, आपण कुठल्या काळात आहोत, काहीच लागत नाही. हा गुंता सोडवून देणारे तक्ते इंटरनेटवर सहज मिळतात. पण ही मेलेली माणसं अशी अडकून का पडली आहेत, हा खरा प्रश्न त्या तक्त्यांनी सुटत नाही. त्याचं उत्तर कॅथलिक श्रद्धेत आणि तिच्या विधींमध्ये आहे.

वसईत किंवा गोव्यात चर्चच्या वातावरणात वाढलेल्या वाचकाला यातलं निम्मं घरूनच माहीत असतं. माझ्यासारख्या, ज्यांचा चर्चशी संबंध नाताळच्या केकपुरता आला, त्यांच्यासाठी हा लेख आहे. कथानकातल्या बऱ्याच गोष्टी पुढे उघड होतील, त्याची काळजी करू नका. ही कादंबरी गोष्ट आधी कळल्याने बिघडत नाही. उलट तेव्हाच ती नीट ऐकू येऊ लागते.

आधी जवळ काय ठेवाल

- पुस्तक : स्पॅनिश येत असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर मार्गारेट सेयर्स पेडन (१९९४) किंवा डग्लस वेदरफर्ड (२०२३) यांचा इंग्रजी अनुवाद घ्या.
- मराठी बायबल : सगळं वाचायची गरज नाही. उत्पत्ती १ ते ४, मत्तय १६, लूक १५ आणि १६, योहान ८ आणि २० एवढे अध्याय आधी वाचून काढा. एका संध्याकाळचं काम आहे.
- पेन्सिल आणि कोरा कागद : नावांसाठी.
- जमल्यास एखादा कॅथलिक मित्र किंवा मैत्रीण, शक्यतो वयाने मोठी. पापनिवेदनाला जाऊन बसणं म्हणजे काय, हे पुस्तकातून कळतं त्याच्या दसपट अशा माणसाशी बोलून कळतं.

१. चार गोष्टी आधी समजून घ्या

पापनिवेदन. कॅथलिक माणूस धर्मगुरूसमोर आपली पापं सांगतो, धर्मगुरू प्रायश्चित्त देतो आणि देवाच्या वतीने क्षमा जाहीर करतो. हा अधिकार येशूने शिष्यांना दिला असं चर्च मानतं (मत्तय १६ आणि योहान २० इथेच उपयोगी पडतात). म्हणजे क्षमेच्या वाटेवर मध्ये एक माणूस उभा आहे. सगळी कादंबरी या माणसाभोवती फिरते.

अखेरचे संस्कार. मरणाच्या दारातल्या माणसाचं पापनिवेदन, तेलाचा अभ्यंग आणि कम्युनियन, म्हणजे मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) मिळणारी पवित्र भाकर. हे न मिळता मरण येणं ही जुन्या कॅथलिक घरांतली सर्वांत मोठी धास्ती.

शुद्धीस्थान. देवाशी समेट होऊन मेलेला, पण पुरता निर्मळ न झालेला आत्मा इथे शुद्ध होतो आणि शेवटी स्वर्गात जातोच. पुनर्जन्म नाही. आयुष्य एकच.

मृतांसाठी प्रार्थना. शुद्धीस्थानातला आत्मा स्वतःसाठी फारसं काही करू शकत नाही. त्याची सुटका लवकर व्हावी म्हणून जिवंत माणसांनी प्रार्थना करायच्या, मिस्सा अर्पण करायच्या. २ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस त्यासाठीच असतो.

आता हे चारही कादंबरी जिथे घडते त्या कोमाला गावाला लावून पाहा. तिथल्या आत्म्यांना कुणीतरी आपल्यासाठी प्रार्थना करायला हवं आहे, आणि गावात जिवंत माणूसच उरलेला नाही. कादंबरीची सगळी भीती या एका अडचणीतून येते.

इथे एक सापळा आहे. आपल्याला लगेच श्राद्ध आठवतं, पिंडाला न शिवणारा कावळा आठवतो. दारात शिरायला हे साम्य ठीक आहे, पण तिथेच थांबू नका. श्राद्ध मुलगा करू शकतो. कोमालात मुलगा येतो खरा, गावचा जमीनदार पेद्रो पारामो याचा मुलगा हुआन प्रेसियादो, पण त्याच्या हातात कुणालाही सोडवण्याचा अधिकार नाही. तो अधिकार ज्याच्याकडे होता त्या माणसाचं काय झालं, हे पायरी ४ मध्ये पाहू.

दुसरा सापळा म्हणजे आजच्या चर्चवरून अंदाज बांधणं. कादंबरीतलं चर्च, कॅथलिक रीतींत मोठे बदल करणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (१९६२–६५) आधीचं आहे. आत्महत्येचंच पाहा. चर्चच्या १९१७ च्या कायद्यात जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारलं होतं. १९८३ च्या कायद्यातून ती तरतूद गेली. हे माहीत नसेल तर एदुविहेस द्यादा या बाईचा प्रसंग अर्धाच कळतो.

२. हालिस्कोचा थोडा इतिहास

फार खोलात जाऊ नका. मेक्सिकोच्या १९१७ च्या राज्यघटनेने चर्चवर कडक बंधनं घातली. राष्ट्राध्यक्ष काय्येस यांनी १९२६ मध्ये ती जोरात अमलात आणली आणि बिशपांनी देशभरातली सार्वजनिक उपासना थांबवली. पश्चिम मेक्सिकोत शेतकरी ‘ख्रिस्त राजाचा विजय असो’ म्हणत बंदुका घेऊन उठले. हे क्रिस्तेरो युद्ध १९२९ पर्यंत चाललं आणि हालिस्को प्रांत त्याचं केंद्र होता.

रुल्फो यांचा जन्म १९१७ चा, याच हालिस्कोतला. १९२३ मध्ये वडिलांचा खून झाला, १९२७ मध्ये आई गेली, पुढची काही वर्षं ग्वादालाहाराच्या अनाथालयात गेली. युद्धाच्या धामधुमीत गावच्या पाद्रींनी आपली पुस्तकं रुल्फोंच्या घरी ठेवली आणि मुलाला त्या पुस्तकांनी वाचनाची गोडी लावली. चर्च, बंदूक, अनाथपण आणि पुस्तकं ही सगळी एकाच घरात भेटलेली आहेत, एवढं डोक्यात असू द्या. कादंबरीच्या उत्तरार्धात कोमालाचा धर्मगुरू पाद्रे रेंतेरिया बंडखोरांना जाऊन मिळाल्याची बातमी एका ओळीत येऊन जाते. इतिहास ठाऊक नसेल तर ती ओळ हातून निसटते.

३. तुकडे वेगळे करा

पुस्तकात प्रकरणं नाहीत, आकडे घातलेले नाहीत. साठ-सत्तर सुटे तुकडे आहेत. पहिल्या वाचनात फक्त एवढंच करा : हुआन प्रेसियादो ‘मी’ म्हणून सांगतो त्या तुकड्यांशेजारी एक खूण, आणि पेद्रो पारामोच्या हयातीतले तुकडे, जे त्रयस्थपणे सांगितले आहेत, त्यांच्याशेजारी दुसरी खूण. साधारण मध्यावर हुआन मरतो. त्यानंतर कळतं की तो दोरोतेया नावाच्या म्हातारीबरोबर एकाच कबरीत पडून तिच्याशी बोलतो आहे. त्या दोघांचं कबरीतलं बोलणं सापडलं की बाकीचं आपोआप जागेवर बसायला लागतं.

सुरुवातीच्या वाटेकडे नीट लक्ष द्या. ऑगस्टचा उकाडा, उतार, खाली खाली जाणारा रस्ता आणि सोबत आबुंदियो हा खेचरवाला. तो सांगतो की कोमाला नरकाच्या तोंडावर, निखाऱ्यांवर वसलंय. तिथली माणसं मेल्यावर नरकात गेली की घोंगडी न्यायला परत येतात. हे ऐकताना हुआनच्या कानात मात्र आईचा आवाज असतो, हिरव्या माळाचा आणि सांडलेल्या मधाच्या वासाचा. एदेन बाग आणि नरक यांचा पत्ता एकच आहे. मधल्या काळात काय घडलं, तीच ही कादंबरी.

४. पाद्रे रेंतेरियाचा माग काढा

वेळ कमी असेल तर बाकी सगळ्या पायऱ्या गाळा, पण ही गाळू नका. नवखा वाचक ख्रिस्ती प्रतीकं शोधायला निघाला की क्रूस, मेंढरू, कबुतर शोधतो. इथे तसं फारसं हाती लागत नाही. रुल्फो विधी दाखवतात, आणि तो विधी नेमका कुठे अडकतो ते दाखवतात. म्हणून रेंतेरिया जिथे जिथे येतो तिथे दोन प्रश्न विचारा : त्याच्याकडे कोण काय मागतंय? आणि तो काय देतोय?

मिगेल पारामोचं प्रेत चर्चमध्ये आणलेलं असतं. पेद्रोचा हा मुलगा घोड्यावरून पडून मेलेला आहे. त्याने रेंतेरियाच्या भावाचा खून केला आणि भावाच्या मुलीवर, आनावर, बलात्कार केला, असं सगळं गाव मानतं. पाद्री आशीर्वाद नाकारतो. मग पेद्रो पारामो येतो, गुडघे टेकायच्या बाकावर मूठभर सोन्याची नाणी ठेवतो आणि म्हणतो, चर्चसाठी दान समजा. लोक गेल्यावर रेंतेरिया ती नाणी उचलून वेदीजवळ जातो आणि देवाला सांगतो की हा माणूस तारण विकत घेऊ शकतो. किंमत बरोबर आहे का ते तूच जाण. माझं विचारशील तर याला नरकात टाक. शेवटी हार मानतो : ठीक आहे, देवा, तू जिंकलास.

हा प्रसंग वाचून झाला की लगेच मारिया द्यादाचा प्रसंग काढा. तिच्या बहिणीने, एदुविहेसने, आत्महत्या केलेली आहे. तिला वाचवा म्हणून मारिया पाद्रीकडे येते. तो आधी म्हणतो, आशा नाही. मग म्हणतो, कदाचित ग्रेगोरियन मिस्सांनी काही होईल. या मिस्सा सलग तीस दिवस एकाच मृतासाठी अर्पण करायच्या असतात. पण त्यासाठी बाहेरून पाद्री बोलवावे लागतील आणि पैसे लागतील. मारिया म्हणते, माझ्याकडे पैसे नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. विषय तिथेच संपतो.

सोनं आणि रिकामे हात. दोन्हीकडे मागणी एकच, मेलेल्याची सुटका. स्वतः रेंतेरिया मनाशी कबूल करतो की मला पोसणाऱ्यांना दुखवायची भीती वाटली, गरिबांच्या प्रार्थनांनी पोट भरत नाही. लूक १६ मधली श्रीमंत माणूस आणि लाजरस यांची गोष्ट आधी वाचली असेल तर इथे ती उलटी झालेली दिसेल. तिथे मरणानंतर गरिबाला न्याय मिळतो. कोमालात मेल्यावरही वशिला चालतो, निदान गावाला तसं वाटतं.

मग तो शेजारच्या कोन्त्ला गावच्या पाद्रीकडे स्वतःचं पापनिवेदन करायला जातो. तो पाद्री क्षमा नाकारतो. तुला मुक्त करण्याइतके माझे हात स्वच्छ नाहीत, म्हणतो. पापनिवेदनानंतर दोघे आवारात फिरतात आणि बोलणं जमिनीवर येतं. इथे सगळं पिकतं, पण आंबट पिकतं. कोमालाची जमीन चांगली असून एका माणसाच्या हातात गेली, याचं कोन्त्लाच्या पाद्रीला वाईट वाटतं. रेंतेरिया म्हणतो, देवाची इच्छा. दुसरा म्हणतो, यात देवाची इच्छा असेल असं मला वाटत नाही. या अर्ध्या पानावर पेन्सिलने जाड रेघ ओढा. शापित जमीन ही बायबलमधली कल्पना (उत्पत्ती ३) आणि जमीनदारी ही हालिस्कोतली वस्तुस्थिती इथे एका फळाच्या चवीत एकत्र येतात.

परतल्यावर रेंतेरिया पापनिवेदन ऐकायला बसतो. पहिली दोरोतेया, मिगेलला मुली आणून देणारी. तिला तो सांगतो, तू स्वर्गात जाणार नाहीस, पण देव तुला क्षमा करो. मग बायांची रांग संपतच नाही, त्याला भोवळ येते, आणि तो उठून म्हणतो की ज्यांना आपण निष्पाप आहोत असं वाटतं त्यांनी उद्या कम्युनियन घ्यावं. योहान ८ मध्ये येशू दगड घेऊन उभ्या असलेल्यांना जे म्हणतो ते आठवा. तिथे त्या वाक्याने एक बाई सुटते. इथे त्याच तऱ्हेच्या वाक्याने अख्खं गाव अडकतं.

या पायरीवरचा सापळा जरा बारीक आहे. ‘पाद्रीच पापी, म्हणून त्याने दिलेली क्षमा खोटी, म्हणून गाव अडकलं’ असा सरळ हिशेब करू नका. कॅथलिक शिकवणीप्रमाणे संस्काराची परिणामकारकता तो देणाऱ्याच्या चारित्र्यावर ठरत नाही. पापी धर्मगुरूने दिलेली क्षमाही खरी असते. रेंतेरिया क्षमा देऊ शकत होता. त्याने ती रोखली, किंवा विकली. कादंबरीचा आरोप देवावर नाही आणि संस्कारावरही नाही, तो या हातांवर आहे. एवढा फरक लक्षात घेतला की ‘धर्मविरोधी कादंबरी’ हे लेबल अपुरं वाटायला लागतं.

५. पडक्या छपराखालचं जोडपं

हुआन एका अर्ध्या छप्पर पडलेल्या घरात पोचतो. तिथे दोनीस आणि त्याची बहीण नवरा-बायकोसारखे राहतात. बहिणीला नाव दिलेलं नाही. ती हुआनला विचारते, तुम्हाला माझं पाप दिसत नाही का? गजकर्णासारखे जांभळे डाग तिला स्वतःच्या अंगभर दिसतात. आतून तर मी नुसता चिखल झालेय, म्हणते. तिची हकीकत अशी : एकदा बिशप दृढीकरणाचा (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याचा) संस्कार द्यायला या बाजूला आला होता. तिने त्याला सगळं सांगितलं, आमचं लग्न लावून द्या म्हणाली; गाव कसंतरी पुन्हा वसवायचंच होतं. बिशप म्हणाला, याला क्षमा नाही, वेगळे व्हा. आणि खेचरावर बसून मागे न बघता निघून गेला.

हे आदाम आणि हव्वा आहेत हे बहुतेकांच्या लक्षात येतं. पण पुढचं पानही त्याच नजरेने वाचा. रात्री हुआन त्या बाईशेजारी झोपतो आणि मातीच्या पापुद्र्यांनी मढलेलं तिचं अंग चिखलाच्या डबक्यासारखं विरघळायला लागतं. तो गुदमरून रस्त्यावर येतो. हवा नाही. सोडलेला श्वासच हाताची ओंजळ करून परत घ्यायचा, तोही दर वेळी कमी कमी होत जातो, आणि तो मरतो. उत्पत्ती २ मध्ये देव मातीचा माणूस घडवतो आणि त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो. इथे आधी माणसाची माती होते आणि मग श्वास परत काढून घेतला जातो. कुठल्या टीकाकाराचा आधार मी यासाठी शोधलेला नाही. दोन्ही पानं शेजारी ठेवून बघा, तुम्हालाच दिसेल.

६. सुसाना सान हुआनची खोली

पेद्रोने आयुष्यभर जिचा ध्यास घेतला ती सुसाना मरणपंथाला आहे, आणि ती या सगळ्या यंत्रणेच्या बाहेर आहे. स्वर्गावर तिचा विश्वास नाही. फक्त नरकावर आहे, असं ती दाई हुस्तिनाला सांगते. रेंतेरिया तिच्या कानाशी लागून मरणाची वाक्यं म्हणतो आणि तिने ती मागून म्हणावीत अशी त्याची अपेक्षा असते : माझं तोंड मातीने भरलंय. ती उत्तर देते ते फ्लोरेन्सियोला, तिच्या मेलेल्या प्रियकराला : तुझ्या तोंडाने माझं तोंड भरलंय. कम्युनियन दिल्यावरही ती फ्लोरेन्सियोलाच म्हणते की आपला वेळ किती सुखात गेला.

हा प्रसंग पहिल्यांदा मोठ्याने वाचा. पाद्रीचे शब्द आणि तिचे शब्द एकाच लयीत येतात, म्हणून कोण कुणाला काय म्हणतंय ते डोळ्यांपेक्षा कानांना लवकर कळतं. ‘शरीराबद्दल शरम नसलेली स्त्री धर्माला हरवते’ असा विजयाचा सूर मात्र लावू नका. तिच्या भोगात वडिलांनी तिला लहानपणी दोरीने अंधाऱ्या भुयारात सोडून सोनं शोधायला लावल्याची आठवणही आहे. त्या भुयारात तिच्या हाती सांगाडा लागला होता.

तिच्या मृत्यूनंतर घंटा वाजतात आणि थांबतच नाहीत. तो ८ डिसेंबर, मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण. आसपासच्या गावांतले लोक घंटा ऐकून येतात आणि शोकाची जत्रा होऊन बसते. चिडलेला पेद्रो ठरवतो : मी हाताची घडी घालीन आणि कोमाला उपाशी मरेल. तसंच होतं.

७. नावांचा अर्थ सर्वांत शेवटी

पेद्रो म्हणजे पेत्र, म्हणजे खडक. पारामो म्हणजे उजाड माळ. मत्तय १६ मध्ये येशू ज्या खडकावर मंडळी उभारीन म्हणतो, तो खडक इथे शेवटी दगडांच्या ढिगासारखा कोसळतो. हुआनच्या आईचं नाव दोलोरेस, दुःखी मातेचं. ही जुळणी खरी आहे आणि वाचताना आनंदही देते. पण पहिल्याच दिवशी नावांचा कोश घेऊन बसलात तर प्रत्येक आकडा आणि प्रत्येक गाढव बायबलमधून आल्यासारखं वाटू लागतं. एक साधी कसोटी वापरा : नाव काढून टाकलं तरी प्रसंगात तो अर्थ शिल्लक राहतो का? पेद्रोच्या बाबतीत राहतो. जिथे राहत नाही तिथे तो अर्थ बाजूला ठेवा.

८. दुसरं वाचन

दुसऱ्यांदा पुस्तक सरळ वाचू नका. खूण केलेले हे प्रसंग या क्रमाने काढा : मिगेलच्या प्रेतावरची नाणी, मारिया द्यादाची विनवणी, कोन्त्लाची आंबट फळं, दोरोतेयाचं पापनिवेदन. त्यानंतर थेट शेवट. तिथे पहिल्या पानांवरचा आबुंदियो परत येतो, तोही पेद्रोचाच मुलगा. बायको मेलेली, खिसा रिकामा, दारू प्यायलेला, तो बापाच्या दारात हात पसरतो : बायकोला पुरायला थोडी भीक घाला. शेजारी उभी पेद्रोच्या घरची कारभारीण दामियाना सैतानाच्या फासातून सोडव म्हणून देवाचा धावा करत असते. या वेळी बापाची मूठ उघडत नाही.

त्यानंतर कबरीतल्या दोरोतेयाचं स्वप्न वाचा. त्यात ती स्वर्गात जाऊन देवदूतांच्या चेहऱ्यांत आपलं मूल शोधते, आणि एक संत तिच्या पोटात हात घालून अक्रोडाच्या टरफलासारखं काहीतरी बाहेर काढतो. तिला हे मूल कधी झालंच नव्हतं. स्वर्ग कुठे आहे, याचं तिने हुआनला दिलेलं उत्तर त्याच्याच आसपासच्या पानांवर सापडेल. ते मी इथे सांगत नाही.